बॉनेटवरचं पाणी

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा त्यागराज माणसाच्या तोंडाकडे बघायच्या आधी त्याच्या गाडीकडे बघतो. आमच्या चुलत्यांच्या साठीशांतीला सगळे आत हारतुरे घालत होते आणि हा गृहस्थ बाहेर उभ्या असलेल्या गाड्यांच्या दारांवरून बोट फिरवत हिंडत होता. मी रागावलो, तर मला म्हणाला, "अण्णा, त्या निळ्या गाडीवाल्याचं बायकोशी पटत नाही. दार आपटून आपटून कडेचा रंग उडवलाय." मी गुपचूप चौकशी केली. खरं निघालं.

अशी नजर असलेला माणूस त्या पांढऱ्या गाडीपाशी दोन दिवस आंधळा कसा राहिला, हे मला अजून नीट सांगता येत नाही. आणि तिसऱ्या दिवशी त्याला दिसलं तेव्हा त्याच्या तोंडावर हात ठेवणारा मी होतो. ते सांगायलाच मी बसलोय.

त्यागू मूळचा तंजावूर राजवाड्यामागच्या गल्लीतला, आमच्या तंजावुरी मराठी लोकांतलाच. बाप महसूल खात्यात, आजोबा शाळामास्तर. घराण्यात कुणी हातात फडकं घेतलं नव्हतं. यानं घेतलं. बाविसाव्या वर्षी गल्लीतल्या डॉक्टरांच्या गाड्या बादलीनं धुवायला लागला, तेव्हा आमच्या लोकांनी नाकं मुरडली. माझी बहीण जया याला द्यायची वेळ आली तेव्हा मी तर उघड विरोध केला होता. मी पोस्टात छत्तीस वर्षं शिक्के मारले आणि तेवढ्या काळात स्वतःला शहाणा समजायची सवय जडली. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मी.

त्यागूनं माझ्या बोलण्याकडे लक्ष दिलं नाही. कोइम्बतूरला जाऊन दोन वर्षं काम शिकला आणि परत येऊन आईच्या नावानं 'निर्मला कार केअर' हे दुकान काढलं. "अण्णा, धुणं वेगळं, डिटेलिंग वेगळं," असं तो मला वीस वर्षं समजावत आला. रंगावर केसासारखे ओरखडे असतात, ते यंत्रानं हळूहळू घासून काढायचे. आतल्या गाद्या, सतरंज्या, खाचा साफ करायच्या. शेवटी सगळ्यावर एक पातळ पारदर्शक थर चढवायचा, की पुढं दोन-तीन वर्षं त्यावर पाणी ठरत नाही आणि धूळ बसत नाही. हे काम तो पूजेसारखं करायचा. कामात असला की जेवायला हाक मारली तरी ऐकू यायची नाही.

आता आमच्या एका खोडीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथंच अडकलंय. आम्ही तीनशे वर्षं तमिळ मुलखात राहतो. बाहेर तमिळ, कचेरीत इंग्रजी, घरात मराठी. या मराठीचा आम्ही बाहेर एकच उपयोग करतो. दुकानात साडी बघताना विकणाऱ्यासमोरच म्हणायचं, "रंग जाईल, नक्को." रिक्षावाल्याच्या मागं बसून त्यालाच नावं ठेवायची. मुलांना बोलता येत नसलं तरी एवढं कळतं, की आई मराठीत बोलली म्हणजे ते समोरच्यासाठी नाही. दार लावून घेतल्यासारखंच वाटतं आम्हाला ते. दाराला कडी आहे की नाही हे कुणी कधी तपासलं नाही.

गेल्या साली आवणी महिन्यात, म्हणजे श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास, तिरुची बायपासवरच्या एका लग्नमंडपाच्या मैदानात गाड्यांचा मेळा भरला. त्याआधीच्या अशुभ आडी महिन्यात इकडे कुणी नवी चप्पलसुद्धा घेत नाही, म्हणून आडी संपला की विकणारे तुटून पडतात. नव्या गाड्या, जुन्या गाड्या, दुरुस्त करून शृंगारलेल्या पन्नास वर्षांपूर्वीच्या गाड्या, टायरवाले, विमेवाले. तीन दिवस, शुक्रवार ते रविवार. त्यागूला तिथं स्टॉल हवा होता. चेहऱ्यावर लहान मुलासारखी हाव. "अस्के गाडीवाले एका जागी येतात, अण्णा. त्यांना एकदा दाखवलों की पुढं बोलावं लागत नाही." अस्के म्हणजे सगळे, आमच्या बोलीत.

पण मोक्याच्या जागा आधीच गेल्या होत्या. तेव्हा वेंकटेश भेटला.

वेंकटेश जुन्या गाड्यांचा व्यापारी. पन्नाशीचा, पांढरा सदरा, कपाळावर विभूती, कुंभकोणमकडचं गोड तमिळ. प्रवेशद्वाराजवळची दुहेरी जागा त्याच्याकडे होती. तो त्यागूला म्हणाला, "अर्धी जागा तुम्ही घ्या. भाडं नको. माझी एक गाडी आहे, ती तुमच्या हातानं चमकवा आणि तिच्यावरच लोकांना तुमची कला दाखवा. तुमचं नाव होईल, माझी गाडी जाईल." त्यागूला आभाळ ठेंगणं झालं. मलाही वाटलं, माणूस भला आहे.

गुरुवारी सकाळी गाडी आली. पांढरी, चार वर्षांची, चेन्नईच्या क्रमांकाची. वेंकटेश स्वतः घेऊन आला आणि किल्ली देताना म्हणाला, "आतलं सगळं आमच्याकडे झालंय. तुम्ही फक्त बाहेरचं बघा." वेळ थोडा होता, म्हणून त्यागूनं ते ऐकलं. एरवी त्यानं आधी दार उघडून आत नाक खुपसलं असतं. जयानं तेवढ्यात दार उघडलं होतं. तिनं नाक वर केलं आणि म्हणाली, "अय्यो, किती अत्तर मारलंय हे. कां?" आम्ही तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

शुक्रवारी मेळा सुरू झाला आणि दहा वाजेपर्यंत आमच्या स्टॉलपुढं गर्दी. त्यागूची युक्ती साधी होती. गाडीच्या बॉनेटवर मधोमध पिवळी चिकटपट्टी लावली होती. डाव्या बाजूला नुसता धुतलेला रंग, उजव्या बाजूला याचं काम. घरचा पितळी तांब्या घेऊन तो दोन्हीकडे पाणी ओतायचा. डावीकडे पाणी पसरून डबकं व्हायचं. उजवीकडे त्याचे मणी व्हायचे, अळवाच्या पानावरच्यासारखे, आणि घरंगळून खाली. पृष्ठभाग कोरडा ठाक. लोक "परत एकदा, परत एकदा" म्हणायचे. बायका वाकून हात लावून बघायच्या. जया टेबलाशी बसून नावं आणि फोन क्रमांक लिहून घेत होती, आणि मी, निवृत्त पोस्टमास्तर, पत्रकं वाटत होतो. त्यागूला इतका आनंदात मी त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता.

त्याच गर्दीत अलमेलु टीचर आल्या. पापनाशमच्या सरकारी शाळेत मुख्याध्यापिका, राहणार तंजावूरला. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, एकच मुलगी, हरिणी, अकरावीत. दोघी रोज मोपेडवरून पापनाशमला जात. आई शिकवायला, मुलगी शिकायला. गेल्या पावसाळ्यात दोघी मोपेडसकट घसरल्या होत्या आणि टीचरांच्या कोपरावर अजून वण होता. तो दाखवून त्या तमिळमध्ये म्हणाल्या, "आता पुरे. पोरीला चार भिंतींच्या आत बसवून न्यायचं. पावसाचा थेंब लागायला नको तिला." त्यागूनं उजव्या बाजूला तांब्या ओतला. हरिणीनं टाळ्या वाजवल्या. टीचर त्यागूला म्हणाल्या, "तुम्ही हात लावलेली गाडी आहे ना? मग मी दुसरी बघत नाही."

व्यवहार तिथंच ठरला. रविवारी राहुकाळ सहाला संपतो, म्हणून सहानंतर मेळ्याच्या स्टेजवर हार घालून गाडी द्यायची. वेंकटेशनं एक छापील कागद पुढं केला. इंग्रजीत होता. गाडी आतून-बाहेरून तपासली, नव्यासारखी आहे, खाली त्यागूचं नाव आणि सहीला जागा. त्यागूनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं नाव असं छापलेलं बघितलं. वाचलं की नाही देव जाणे, झोकात सही केली. कागदावर प्लास्टिक चढवून तो गाडीच्या आरशाला लटकवला.

शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास गर्दी अजून यायची होती. त्यागू म्हणाला, आज आतलं कामही करून दाखवू, आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसून त्यानं सीटबेल्ट बाहेर ओढला. लोक हातभर ओढतात आणि लावतात. त्यागूनं पूर्ण ओढला, शेवटपर्यंत, जिथं पट्टा गुंडाळीत कायम लपलेला असतो. आणि तसाच धरून बसला.

मी जवळ गेलो. पट्ट्याच्या शेवटच्या वीतभर भागावर तपकिरी रेघ होती. त्याच्या खाली पट्टा कडक झालेला, वर मऊ. त्यानं खाली वाकून सीटच्या खालच्या खाचेत बोट घातलं, बाहेर काढलं, हुंगलं. बोटाला बारीक चिखल लागला होता, पिठासारखा. त्याचा चेहरा पांढरा पडला.

वेंकटेश हाताच्या अंतरावर प्लास्टिकच्या खुर्चीत पेपर वाचत बसला होता. म्हणून आम्ही आमचं दार लावलं. म्हणजे, मराठीत बोललो.

"अण्णा, ही गाडी बुडालेली आहे," त्यागू म्हणाला. "मार्गशीर्षांत चेन्नईत पाणी भरलं होतं ना, त्यांतली. छातीपर्यंत पाणी होतं हिच्यांत."

"मग काय झालं? आता कोरडी आहे."

"वरून कोरडी. खाली तारा आहेत, पेट्या आहेत. स्टीअरिंग विजेवर चालतं, काचा विजेवर, एअरबॅग विजेवर. पाणी आंत शिरलं की गंज हळू चढतो. आज चालेल, महिनाभर चालेल. मग एक दिवस, चालता चालता, कांहीं एक सोडून देईल. कोणतं तें कुणाला सांगतां येणार नाही."

जया टेबलावरून उठून आली. ऐकून म्हणाली, "आत्ता फोन कर त्या टीचरना. क्रमांक माझ्या वहीत आहे."

आणि मी बोललो. माझे शब्द मला अक्षरन्अक्षर आठवतात. "वेडी कां तूं? आत्ता बोंब मारलीस तर हा आपल्याला इथून हाकलेल. त्यागूची वीस वर्षांची मेहनत मातीत जाईल. गाडी उद्या संध्याकाळी सहाला जायची आहे. मेळा आटपू दे, मग सांग. पांच वाजतां टीचरना बाजूला घे आणि सांग. तोंवर झाकली मूठ."

"एक दिवस उशीर कां करायचा?" जया म्हणाली. "पोर बसणार आहे त्यांत."

"बायांना व्यवहार कळत नाही," मी म्हणालो. हेही मीच म्हणालो.

त्यागूच्या हातात पट्टा तसाच होता. बाहेर लोक जमायला लागले होते. कुणीतरी ओरडलं, "पाणी दाखवा!" त्यानं पट्टा सोडला. तो सळसळत आत गेला आणि चिखलाची रेघ दिसेनाशी झाली. "सरी, अण्णा," तो म्हणाला. "उद्या पांचाला." आणि तांब्या भरायला गेला.

वेंकटेशनं पेपरचं पान उलटलं.

एक गोष्ट तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवी होती. शुक्रवारी दुपारी वेंकटेशनं आम्हा सगळ्यांसाठी कॉफी आणली. जया घोट घेऊन मला मराठीत म्हणाली, "किती गोड. माझी साखर वाढली आहे, हें पिऊन मी मरेन." शनिवारी तो परत कॉफी घेऊन आला, आणि जयाचा पेला तेवढा वेगळा धरून तिच्यापुढं ठेवला. बिनसाखरेची होती. जया म्हणाली, "विसरला वाटतं." मी म्हणालो, "देवच पावला तुला." आणि आम्ही हसलो. तोही हसला.

रविवारी नऊला आम्ही मैदानात पोहोचलो. स्टॉलच्या मधोमध रिकामी जागा होती. जमिनीवर चार चाकांचे ठसे आणि पिवळ्या चिकटपट्टीची चुरगळलेली गोळी. वेंकटेश खुर्चीत बसला होता.

त्यागूनं तमिळमध्ये विचारलं, "गाडी कुठंय?"

"सकाळी सहालाच घरी पोचवली," वेंकटेश तमिळमध्ये म्हणाला. मग माझ्याकडे वळला आणि आमच्या मराठीत, आमच्यापेक्षा शुद्ध, सावकाश म्हणाला, "मेळा आटपू दे, मग सांग. चांगला सल्ला दिलांत, अण्णा. मला एक पुरा दिवस मिळाला."

माझ्या अंगाला घाम फुटला. सकाळची वेळ, पंखा चालू, आणि पाठीवरून पाणी ओघळतंय.

"माझी आई पापनाशमची," तो म्हणाला. "घरांत अस्के मराठीच बोलत. तुम्ही विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मी कांहीं चोरून ऐकलों नाही. तुम्हीच माझ्यापुढं बसून बोललांत." मग तो उठला. "जयाक्कांना कॉफी आणतों. साखर नक्को, ठाऊक आहे."

जयानं तोवर वही उघडून फोन लावला होता. उचलला नाही. पुन्हा लावला. उचलला नाही. त्यागूनं वहीतला पत्ता वाचला आणि माझ्या स्कूटरची किल्ली माझ्या खिशातून स्वतःच काढली.

टीचरांच्या दारात अजून दृष्ट काढून फोडलेला भोपळा पडला होता, आत कुंकू भरलेला, लाल. चाकांखाली चेंगरलेली चार लिंबं. गाडीच्या बॉनेटवर चंदनाचे ठिपके आणि मधोमध हळदीनं माखलेलं स्वस्तिक. उजव्या बाजूला चंदनसुद्धा धड चिकटलं नव्हतं, घसरून खाली आलं होतं. हरिणी आत बसून गाणी लावत होती. काचा खाली-वर करून बघत होती.

त्यागूनं सगळं सांगितलं. तमिळमध्ये, हात जोडून, एका दमात. पट्टा ओढून दाखवला. पण पट्टा स्वच्छ होता. नवा कोरा. रात्रीतून वेंकटेशनं बदलून टाकला होता. त्यागूनं सीटखाली बोट घातलं. खाच कोरडी, पुसलेली. तो गुडघ्यांवर बसून सतरंजी उपसायला लागला, तशा टीचर पुढं आल्या.

"थांबा," त्या म्हणाल्या. आवाज शाळेतला होता. "त्या गृहस्थांनी मला कालच सांगितलं होतं. म्हणाले, स्टॉलवाला माझ्याकडे कमिशन मागतोय, मी दिलं नाही तर तो तुमच्याकडे येऊन गाडीची बदनामी करेल. मला खोटं वाटलं होतं. आणि तुम्ही आलात." त्यांनी आरशाला लटकलेला कागद बोटानं फिरवला. "ही सही कुणाची?"

"माझी."

"शुक्रवारी खरं लिहिलंत की आज खरं बोलताय?"

मी मध्ये पडलो, म्हणालो, आम्हाला कालच सकाळी कळलं. त्या माझ्याकडे वळल्या. "काल सकाळी कळलं? मग काल सकाळी कां नाही आलात?"

मी त्या बाईंकडे बघू शकलो नाही. हरिणीनं गाण्याचा आवाज कमी केला होता आणि ती आमच्याकडे बघत होती. तेव्हा जर मी म्हणालो असतो, की मीच थांबवलं, माझ्या हावरटपणानं आणि शहाणपणानं थांबवलं, तर त्या बाईंनी कदाचित विश्वास ठेवला असता. लाज वाटली म्हणून मी गप्प राहिलो. दार बंद झालं.

नंतर त्यागूनं जे करायचं ते सगळं केलं. वाहन कचेरीत गेला. कागद चोख होते. टीचरांच्या शाळेत गेला. फाटकातून परत पाठवला. मी रजिस्टर पत्र लिहिलं, पोचपावतीसह, गाडीत काय काय बिघडू शकतं ते क्रमानं घालून, कोणाही दुसऱ्या मेकॅनिककडून तपासून घ्या म्हणून विनवलं. आठ दिवसांनी ते माझ्याच जुन्या कचेरीतून परत आलं. वर शेरा होता, 'घेण्यास नकार'. असे शेरे मी हजारो मारले होते. त्याचं वजन मला तेव्हा कळलं.

दुकानाची भरभराट मात्र झाली. मेळ्यातले लोक फोन करत होते, गाड्या रांगेत उभ्या राहत होत्या. त्यागू काम करायचा, पण रोज सकाळी आठ वाजता हातातलं टाकून पापनाशमच्या रस्त्यावर जाऊन उभा राहायचा. मी सोबत जायचो. सव्वाआठला पांढरी गाडी यायची, हरिणी पुढच्या सीटवर. त्यागू हात वर करायचा. टीचर समोर बघत निघून जायच्या. गाडी गेली की तो श्वास सोडायचा. "आज गेली," म्हणायचा. संध्याकाळी परत यायची वेळ झाली की पुन्हा तेच. एकदा हरिणीनं आईच्या नकळत त्याला हात हलवला. त्या दिवशी तो जेवला नाही.

ऐप्पसी, म्हणजे दिवाळीचा महिना, लागला आणि इकडचा पाऊस सुरू झाला. भाताची शेतं भरली, कालवे काठोकाठ आले. त्या पावसात ती गाडी इतकी सुरेख दिसायची की डोळे मिटून घ्यावेत. पाणी वर पडायचं आणि ठरायचं नाही.

एका सोमवारी गाडी आली तेव्हा आत टीचर एकट्याच होत्या. हरिणीला ताप होता, हे आम्हाला नंतर कळलं. त्यागूनं हात वर केला. पण यावेळी तो नुसता उभा राहिला नाही, रस्त्यातच धावला. "अण्णा, स्टीअरिंग बघा! सरळ रस्त्यावर दोन्ही हातांनी ओढतायत, जड झालंय!" तो ओरडत मागं धावला, हात हलवत, चिखलात घसरत. टीचरांनी आरशात पाहिलं असणार, कारण गाडीनं वेग वाढवला.

आम्ही स्कूटरवर मागं निघालो. पावसात माझ्या म्हाताऱ्या डोळ्यांना रस्ता दिसत नव्हता. अय्यमपेट्टैच्या पुढच्या वळणावर बस थांबली होती, लोक कालव्याच्या काठावर उभे होते. रस्ता तिथं डावीकडे वळतो. गाडी वळली नव्हती.

दोन गावकरी पाण्यात उतरले होते. दार उघडेना, काच खाली होईना. दगडानं काच फोडून टीचरांना बाहेर काढलं, त्याला पंचवीस मिनिटं लागली. त्यांच्या हातात बेल्टचं बक्कल होतं. तो बेल्ट नवा होता. त्या गेल्या होत्या.

दुपारी क्रेन आली. पांढरी गाडी कालव्यातून वर उचलली, तसं तिच्यावरचं सगळं पाणी मणी मणी होऊन घरंगळलं, शेवाळसुद्धा टिकलं नाही, आणि ती दोरखंडाला लटकत स्वच्छ, कोरडी, झगझगीत दिसायला लागली. माझ्या शेजारी उभा असलेला एकजण तमिळमध्ये कौतुकानं म्हणाला, "बघा रे, पाण्यातून निघाली आणि एक थेंब चिकटला नाही." त्यागू काठावर खाली बसला. त्यानं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं.

संध्याकाळी आम्ही ठाण्यात गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. वेंकटेश आधीच तिथं बसला होता, पांढऱ्या सदऱ्यात, त्याच सहीच्या कागदाची स्वतःकडची प्रत घेऊन. कोपऱ्यातल्या बाकावर हरिणी मामाच्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती, अंगात ताप, डोळे उघडे.

इन्स्पेक्टरनं कागद बघितला. "ही सही तुमची?"

"माझी," त्यागू म्हणाला. "आणि ती खोटी आहे. गाडी बुडालेली होती."

"तुम्हाला कधी कळलं?"

"शनिवारी. सकाळी नऊ वाजता."

"गाडी रविवारी सकाळी गेली. मधे एक अख्खा दिवस होता. कां नाही सांगितलंत?"

त्यागूनं माझं नाव घेतलं नसतं. तो तसा माणूसच नाही. वेंकटेश माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, मराठीत, फक्त आम्हाला कळेल असं, "गप्प बसा, अण्णा. तुमच्याकडे कुणाचं बोट नाही."

हरिणी माझ्याकडे बघत होती. मी उठून उभा राहिलो.

"मी सांगू दिलं नाही," मी म्हणालो. तमिळमध्ये म्हणालो, मोठ्यानं, त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळेल असं.